सील शाबूत, पण वॅगनमध्ये काय?

कामगाराच्या आयुष्यात दाखल्याला फार मोठे स्थान आहे. शाळा सोडल्याचा दाखला नसेल तर नोकरी नाही. जातीचा दाखला नसेल तर राखीव जागा नाही. वैद्यकीय दाखल्याशिवाय गाडी चालवायला मिळत नाही आणि हयातीचा दाखला वेळेवर पोचला नाही तर जिवंत माणसाची पेन्शन बंद होते. गेल्या दहा-बारा वर्षांत हे दाखले एकामागून एक संगणकात गेले. रेल्वेत सेवेच्या नोंदी, पास, पीएफचे अर्ज आणि सेटलमेंट एचआरएमएसवर आले, वैद्यकीय ओळखपत्राचे उमिद कार्ड झाले. डाक खात्यातला बांधव तर आपल्या पिशवीत बोटांचे ठसे घेणारे यंत्र घालून दुसऱ्यांचे हयातीचे दाखले काढीत दारोदार फिरतो आहे.

या नव्या दाखल्यांबद्दल सरकार आणि संगणक कंपन्या एक गोष्ट ठासून सांगतात, ती म्हणजे यात फेरफार करता येत नाही. ही गोष्ट बऱ्याच अंशी खरी आहे आणि ती कामगाराच्या फायद्याचीही आहे. परंतु त्यात एक मेख आहे. दाखल्यावर शिक्का बसल्यानंतर त्यात कोणी खाडाखोड केली तर ती पकडली जाते. पण शिक्का बसण्यापूर्वीच आत चुकीचे लिहिले गेले असेल तर? मग ती चूकही तितक्याच पक्क्या शिक्क्याखाली जाते. आपल्या संघटनेने कोणती मागणी घेऊन उभे राहायचे, हे या प्रश्नाच्या उत्तरावर ठरणार आहे. म्हणून हा लेख.

शिक्का चालतो कसा

ही विद्या ऐकायला अवघड वाटते, पण रेल्वे आणि डाक कामगाराला तिचे मर्म नवे नाही. डाकघराच्या बचत खात्यात पैसे काढताना काउंटरवरचा बाबू अर्जावरची सही नमुन्याच्या सहीशी ताडून पाहतो. विमा केलेल्या पाकिटाचे वजन हरभऱ्याच्या दाण्याइतके नेमके करतात, लाखेची मोहोर लावतात आणि पोचवताना मोहोर आणि वजन दोन्ही पाहतात. डिजिटल सही म्हणजे या दोन गोष्टींचा मिलाफ होय.

दाखला देणाऱ्या कार्यालयाकडे दोन किल्ल्या असतात. एक गुप्त, ती फक्त अधिकाऱ्याजवळ. दुसरी उघडी, ती जगाला दिलेली, म्हणजे जणू नमुन्याची सही सगळ्या डाकघरांच्या फळ्यावर लावून ठेवावी तशी. संगणक आधी दाखल्यातल्या संपूर्ण मजकुराचे एक प्रकारचे नेमके 'वजन' काढतो आणि त्या वजनावर गुप्त किल्लीने शिक्का मारतो. पुढे कोणीही, कोठेही, उघड्या किल्लीने तो शिक्का तपासू शकतो. मधल्या काळात कोणी जन्मसालातला एक आकडा जरी बदलला तरी वजन जुळत नाही आणि दाखला खोटा ठरतो. तपासणाऱ्याला मूळ कार्यालयाला पत्र लिहून तीन महिने वाट पाहावी लागत नाही. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अशा सहीला हाताच्या सहीसारखी मान्यता दिली. १ जुलै २०१५ रोजी डिजिलॉकर सुरू झाले आणि २०१७ साली नियम दुरुस्त करून त्यातील सरकारी कार्यालयांनी दिलेले दाखले मूळ कागदाच्या बरोबरीचे मानले गेले.

याचा फायदा कोणाला? सर्वात जास्त गरिबाला. रेल्वेत नोकरी लावून देतो असे सांगून खोटी नेमणूकपत्रे विकणाऱ्या टोळ्यांनी किती तरी शेतकऱ्यांच्या मुलांना नागवले आहे. बाप जमीन विकून पैसे देतो, पोरगा पत्र घेऊन स्टेशनवर हजर होतो आणि तेथे त्याला कळते की कागद खोटा आहे. नेमणूकपत्रावर तपासता येणारा शिक्का असेल आणि तो तपासायची रीत गावात माहीत असेल तर हा धंदा बसेल. ग्रामीण डाक सेवकांची निवड दहावीच्या गुणांवर होते, आणि त्यातही बनावट गुणपत्रिका पकडल्या गेल्या आहेत. एका बनावट गुणपत्रिकेने एका खऱ्या उमेदवाराची जागा जाते. म्हणून पक्का दाखला हवा की नको, असा आपला वाद नाही.

'सेड टू कन्टेन'

आता माल वाहतुकीतल्या बांधवांना चांगला ठाऊक असलेला एक शब्द घेऊ. व्यापाऱ्याने स्वतः भरलेल्या वॅगनच्या रेल्वे पावतीवर 'सेड टू कन्टेन' असा शेरा असतो. अर्थ असा की, आत अमुक माल आहे असे पाठवणारा म्हणतो. आम्ही मोजलेला नाही. वॅगनला सील लागते. मुक्कामाच्या स्टेशनवर सील शाबूत निघाले म्हणजे वाटेत कोणी दार उघडले नाही एवढेच सिद्ध होते. आत गव्हाऐवजी भुसा भरला असेल तर सील त्याला जबाबदार नाही. मोजणी न करता भरलेल्या मालाबाबत पुराव्याचा बोजा कोणावर, हे १९८९ च्या रेल्वे कायद्यानेही स्पष्ट केले आहे.

डिजिटल दाखल्याचे नेमके हेच आहे. पण येथे एक फार मोठा फरक पडतो. वॅगनच्या पावतीवर 'सेड टू कन्टेन' असे लिहिलेले तरी असते. संगणकाच्या दाखल्यावर तसे काही नसते. तेथे हिरवी खूण येते आणि खिडकीमागचा माणूस म्हणतो, "सिस्टीममध्ये असेच आहे." सील शाबूत आहे म्हणजे मालही बरोबर आहे, असे धरून चालतात. कामगार हातात जुने कागद घेऊन उभा असतो, आणि खोटे ठरते ते त्याच्या हातातले कागद!

कोविडच्या काळात हे सर्व देशाने पाहिले. २०२१ साली लसीचे जे प्रमाणपत्र मिळत होते त्यावर असाच तपासता येणारा क्यूआर शिक्का होता. त्यामागची यंत्रणा आमच्या बेंगळुरूतल्याच ई-गव्हर्नमेंट्स फाउंडेशनने तयार केली होती आणि ती पुढे श्रीलंका व फिलिपाइन्सपर्यंत गेली. शिक्का उत्तम होता. पण नाव, जन्मसाल यांत चुका असलेली प्रमाणपत्रे लोकांना मिळाली, काहींना तर डोस न घेताच घेतल्याचा संदेश आला. शेवटी जून २०२१ मध्ये दुरुस्तीची सोय द्यावी लागली. शिक्का पक्का करणारे लोक आधी आले, चूक दुरुस्त करणारी खिडकी नंतर उघडली. प्रत्येक योजनेत हाच क्रम दिसतो, आणि मधल्या काळातला भुर्दंड सामान्य माणसाच्या वाट्याला येतो.

बेंगळुरू काय शिकवते

हे शहर या विद्येचे माहेरघर आहे, म्हणून येथला अनुभव सर्वांनी समजून घ्यावा. आधार प्राधिकरण २००९ साली स्थापन झाले. त्याचे पहिले अध्यक्ष नंदन निलेकणी याच शहरातले आणि तंत्रज्ञान केंद्रही येथेच. देशातला पहिला आधार क्रमांक मात्र २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात एका आदिवासी बाईंना दिला गेला. २०१८ पासून येथल्या आयआयआयटी संस्थेत मोसिप नावाची ओळखपत्रांची खुली प्रणाली तयार होत आहे आणि फिलिपाइन्स, मोरोक्को, इथिओपिया असे देश ती वापरतात. १ डिसेंबर २०२२ रोजी डिजियात्रा सुरू झाली ती दिल्ली, वाराणसी आणि बेंगळुरू या तीन विमानतळांवर. त्यात प्रवाशाची ओळख त्याच्याच फोनमध्ये राहते आणि विमान सुटल्यानंतर २४ तासांत ती विमानतळाच्या यंत्रणेतून पुसायची, असे धोरण आहे. विमानाने जाणाऱ्याला ही काळजी मिळते, मग ट्रॅकमनच्या नोंदींना ती का मिळू नये, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

त्याहून जुना धडा 'भूमी' योजनेचा. २००१ च्या सुमारास कर्नाटक सरकारने १७७ तालुक्यांतले शेतजमिनीचे सुमारे २ कोटी उतारे संगणकात घातले. आपण सातबारा म्हणतो त्याला येथे पहाणी किंवा आरटीसी म्हणतात. पूर्वी गावच्या लेखापालाची मनधरणी करून मिळणारा उतारा तालुक्याच्या खिडकीवर १५ रुपयांत मिळू लागला. या योजनेतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. नोंद बदलणाऱ्या अधिकाऱ्याला बोटाचा ठसा देऊनच यंत्रात शिरावे लागे. म्हणजे कोणी बदलले हे नंतर नाकारता येत नाही. ठसा शेतकऱ्याचा नव्हे, अधिकाऱ्याचा घेतला! मात्र हस्तलिखित उताऱ्यात जी चूक आधीपासून होती, ती संगणकातही आली, आणि ती काढण्यासाठी शेतकऱ्याला पुन्हा महसूल कचेरीचीच पायरी चढावी लागली. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. गावाकडे जमीन असलेल्या बांधवांना यातले बरे-वाईट दोन्ही ठाऊक आहे.

चूक कोठून येते

संगणक चुका करीत नाही असे म्हणतात. खरे आहे, तो दुसऱ्यांच्या चुका सांभाळून ठेवतो. आमच्या बेंगळुरू विभागात बेळगाव, मिरज, सोलापूर भागातून आलेले मराठी कामगार आहेत. त्यांच्या नावांचेच उदाहरण घ्या.

समजा, एखाद्याचे नाव ज्ञानेश्वर आहे. मराठी मुलखात हे नाव इंग्रजीत 'डी' अक्षराने सुरू करतात. कर्नाटकात तेच 'जे' किंवा 'जी' ने लिहितात. दाखल्यात एक, आधारमध्ये दुसरे. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी तीन पदे. येथे आडनावाऐवजी आद्याक्षरे लावण्याची पद्धत. त्यामुळे सर्व्हिस रजिस्टरमध्ये 'मारुती बाळू पाटील' असलेला गडी दुसऱ्या कागदावर 'मारुती बी. पी.' होतो. माणसाला हे दोघे एकच आहेत हे पाहताक्षणी कळते. यंत्राला कळत नाही.

बायकांचे तर विचारू नका. आपल्यात लग्नात आडनावच नव्हे, कित्येकदा मुलीचे नावही बदलतात. नॉमिनेशनच्या फॉर्मवर सासरचे नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे, आधारवर नातवाने काढून आणलेले तिसरेच. नवरा वारल्यावर कुटुंब पेन्शनसाठी ती बाई खिडकीवर उभी राहते तेव्हा ही तीन नावे तिच्या विरुद्ध साक्ष देतात.

आणि जन्मतारीख! महाराष्ट्रातल्या एका पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख टाकली तीच कायम झाली. आधारमध्ये मात्र कोणी नुसते साल सांगितले, कोणी खरी तारीख सांगितली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे आणि एका अपघाताच्या दाव्यात शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख धरली. त्याच वर्षी जानेवारीत भविष्य निर्वाह निधी संघटनेनेही जन्मतारखेच्या पुराव्यांतून आधार वगळले होते. यातला बोध सरळ आहे. ज्या कार्यालयाला जी गोष्ट स्वतः माहीत आहे, तिच्यापुरताच त्याचा शिक्का खरा मानावा. शाळेने शिक्षणाचा द्यावा, डॉक्टरने तब्येतीचा, रेल्वेने नोकरीचा. एकाच क्रमांकाला सगळ्याचा साक्षीदार करू नये.

आमच्या शाखेकडे आलेल्या एका प्रकरणात ट्रॅकवर राबलेल्या एका साथीची काही महिन्यांची सेवा संगणकात बिनपगारी रजा म्हणून चढली होती. तो काळ त्याने आजारपणात, रीतसर वैद्यकीय दाखल्यावर काढला होता. जुन्या रजिस्टरमध्ये शेरा होता, पण नोंद उतरवणाऱ्याने तो पुढच्या पानावर पाहिलाच नाही. निवृत्तीला थोडे महिने उरले तेव्हा हे उघडकीस आले. कागदी रजिस्टर अजून शिल्लक होते म्हणून सुटका झाली. ते रद्दीत गेले असते तर?

केंद्र सरकारच्या नोकरीत सेवापुस्तक दरवर्षी कर्मचाऱ्याला दाखवून त्याची सही घेण्याचा दंडक फार जुना आहे. किती कार्यालयांत तो पाळला गेला, हे आपण जाणतोच. एचआरएमएसवर कर्मचाऱ्याला आपली नोंद पाहता येते, ही चांगली गोष्ट आहे आणि तिचा प्रत्येकाने उपयोग केला पाहिजे. पण पाहता येणे वेगळे आणि दाखवण्याची जबाबदारी कार्यालयावर असणे वेगळे. इंग्रजी पडद्यावरचे संक्षेप गँगमधल्या किती जणांना उलगडतात? 'तुम्ही वेळेवर हरकत घेतली नाही' असे म्हणून प्रशासन हात झटकू लागले तर तो जुना दंडक उलटा आपल्यावरच फिरेल.

हयातीचा दाखला आणि न्यायालयाचा निकाल

१० नोव्हेंबर २०१४ रोजी जीवन प्रमाण योजना सुरू झाली. बोट, डोळा किंवा चेहरा आधारशी जुळवून हयातीचा दाखला निघतो. चेहऱ्याची सोय नोव्हेंबर २०२१ मध्ये आली, आणि तिची गरज होतीच. ज्यांनी तीस-पस्तीस वर्षे घण, फावडे आणि सब्बल चालवली त्यांच्या बोटांवर ठसा उरत नाही. यंत्राने 'जुळत नाही' म्हटले म्हणजे म्हातारा ओशाळतो, जणू त्याचाच काही गुन्हा! २०२० पासून पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन आणि ग्रामीण डाक सेवक घरी येऊन हा दाखला काढतात. सुरुवातीला शुल्क ७० रुपये होते. अंथरुणाला खिळलेल्या पेन्शनरांसाठी ही मोठी सेवा आहे. पण जो ग्रामीण डाक सेवक दुसऱ्याच्या पेन्शनसाठी पायपीट करतो, त्याला स्वतःला खात्याची नियमित पेन्शन नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे.

पेन्शनरांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, प्रमाण क्रमांक मिळाला म्हणजे काम संपले असे नाही. पीपीओ किंवा खाते क्रमांक चुकीचा पडला असेल तर बँक तो दाखला नाकारू शकते, म्हणून तो स्वीकारला गेला का हे पुन्हा तपासावे. दुसरी, फोन करून 'तुमचा हयातीचा दाखला करून देतो, ओटीपी सांगा' म्हणणारा माणूस चोर समजावा.

कायद्याची बाजूही माहीत हवी. बेंगळुरूतच राहणारे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यातून २४ ऑगस्ट २०१७ चा नऊ न्यायमूर्तींचा निकाल आला आणि खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. २६ सप्टेंबर २०१८ च्या दुसऱ्या निकालात बहुमताने आधार कायदा मोठ्या अंशी कायम ठेवला, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी वेगळे मत नोंदवले. पण बहुमताच्या निकालातही एक गोष्ट आपल्या कामाची आहे. सरकारी नोकराने कमावलेली पेन्शन हा त्याचा हक्क आहे, तिला अनुदानासारखे लाभ समजून आधारच्या कलम ७ खाली आणता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. मार्च २०२१ मध्ये जीवन प्रमाणसाठी आधार ऐच्छिक असल्याची अधिसूचना निघाली. तेव्हा अधिकाऱ्यासमोर सही केलेला कागदी हयातीचा दाखला आजही चालतो. खिडकीवर कोणी नाही म्हटले तर लेखी मागावे. १७ डिसेंबर १९८२ च्या नाकारा निकालाने पेन्शन ही मेहेरबानी नव्हे हे सांगितले. त्याच हक्काची ही पुढची लढाई आहे.

दाखला ठेवायचा कोठे, दाखवायचा किती

कागदाचा एक गुण होता. तो कामगाराच्या पत्र्याच्या पेटीत असे. साहेब बदलला, ऑफिस हलले, फाईल गहाळ झाली तरी पेटीतली प्रत उपयोगी पडे. डिजिटल सहीतही हा गुण आहे, पण तो आपण मागून घेतला पाहिजे. शिक्का मजकुरातच असल्यामुळे सही केलेली फाईल तुमच्या फोनमध्ये, पेन ड्राइव्हवर किंवा क्यूआरसह छापील कागदावर असली तरी तपासता येते. तेव्हा 'सर्व काही सर्व्हरवर सुरक्षित आहे' एवढ्यावर समाधान मानू नये. सर्व्हर ज्याच्या हाती, त्याच्याच हाती माझ्या तीस वर्षांच्या नोकरीचा एकमेव पुरावा, हा व्यवहार बरोबरीचा नाही.

दाखवण्याचेही तसेच. खोलीमालकाला मी रेल्वेत नोकरीला आहे एवढे कळले तर पुरे. त्याला माझा पगार, आजारपण, बायको-मुलांची नावे कशाला? हे नवे दाखले असे करता येतात की हवा तेवढाच मजकूर दाखवावा आणि बाकीचा झाकून ठेवावा. तंत्र तयार आहे; ते वापरायला भाग पाडणे हे आपले काम. आज मात्र उलट चालले आहे. प्रत्येक जण सरसकट आधारची झेरॉक्स मागतो आणि ती झेरॉक्स पुढे कोणाच्या हाती जाते, ते देव जाणे.

गुप्त किल्लीची गोष्टही बोलली पाहिजे. अधिकाऱ्याचा डोंगल आणि त्याचा पिन बाबूच्या खणात पडून असतो, ही पद्धत अनेक सरकारी कचेऱ्यांत चालते. एकेरी मार्गावरचा टोकन स्टेशन मास्तरने दुसऱ्याच्या हवाली करून घरी जावे, असे आपल्याकडे कधी चालले असते का? किल्ली उसनी दिली की शिक्क्याला अर्थ राहत नाही, आणि पुढे चौकशी झाली की पहिला बळी त्या बाबूचा जातो.

ज्यांना दाखलाच मिळत नाही

आतापर्यंत कायम कामगारांचे बोललो. पण स्टेशन झाडणारे, डबे धुणारे, पार्सल चढवणारे कंत्राटी बंधू-भगिनी यांना तर कोणी दाखलाच देत नाही. १९७१ च्या केंद्रीय नियमांत त्यांना रोजगार कार्ड आणि काम सुटताना सेवेचा दाखला देण्याची तरतूद होती. ती बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. कंत्राटदार बदलला की मागची पाच वर्षे पुसली जातात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांच्याशी आपली भांडणे अनेक आहेत, पण प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र दिले पाहिजे ही अट त्यांतही आहे. मग दर महिन्याची हजेरी आणि दिलेला पगार यांचा फेरफार न होणारा दाखला, मुख्य मालकाच्या म्हणजे रेल्वेच्या शिक्क्यानिशी, कामगाराच्या हाती का देऊ नये? कंत्राटदाराला ती नोंद मागाहून बदलता येणार नाही. किमान वेतनाच्या आणि पीएफच्या दाव्यात तोच दाखला उभा राहील. या विद्येचा सर्वात न्याय्य उपयोग हा आहे, आणि नेमका याच्याबद्दल कोणी बोलत नाही.

आपण काय मागावे

संघटना संगणकाच्या विरुद्ध आहे, असा आरोप नेहमी होतो. १९८० च्या दशकात आरक्षण संगणकावर आले तेव्हाही झाला. आज तिकीट खिडकीवरचा कोणता कामगार जुन्या जाड रजिस्टरकडे परत जाऊ इच्छितो? आपला वाद यंत्राशी नव्हता, नाही. ते कोणाच्या हाती आणि कोणत्या अटींवर, हा आपला प्रश्न आहे. म्हणून प्रत्येक शाखेने पुढील मागण्या ठरावाने मंजूर करून प्रशासनाकडे पाठवाव्यात.

१. सेवेच्या नोंदीवर शिक्का मारण्यापूर्वी तिचा छापील मसुदा कर्मचाऱ्याला समजेल अशा भाषेत द्यावा, त्याला वाचायला पुरेसा वेळ द्यावा आणि त्याची सही घ्यावी. दरवर्षी नोंद दाखवण्याची जबाबदारी कार्यालयाची राहील.

२. दुरुस्तीच्या अर्जाची पोच आणि निकालाची ठराविक मुदत असावी. निकाल लागेपर्यंत पगार, पास, औषधोपचार किंवा पेन्शन थांबवू नये. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही चूक दुरुस्त करून घेण्याचा हक्क लिहिला आहे. तो टप्प्याटप्प्याने लागू होईपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही.

३. डिजिटल सहीची प्रत, क्यूआरसह छापील कागदावर, प्रत्येक कर्मचाऱ्याला दरवर्षी आणि निवृत्तीच्या दिवशी फुकट मिळावी.

४. जुनी कागदी रजिस्टरे, सर्व संबंधितांची देणी आणि कुटुंब पेन्शनचे प्रश्न मिटेपर्यंत, नष्ट करू नयेत.

५. नोंद कोणी केली आणि कोणी बदलली हे कर्मचाऱ्याला दिसावे. अधिकाऱ्याने आपली किल्ली दुसऱ्याच्या हाती देण्यावर बंदी असावी आणि कामाच्या ताणामुळे बाबूवर ती वेळ येणार नाही इतके मनुष्यबळ द्यावे.

६. ज्याचा ठसा, चेहरा किंवा फोन चालत नाही त्याच्यासाठी कागदाचा मार्ग कायम उघडा ठेवावा आणि तसा फलक खिडकीवर लावावा.

७. कंत्राटी कामगारांना मासिक हजेरी व वेतनाचा पक्का दाखला रेल्वे व डाक खात्याने द्यावा. हयातीच्या दाखल्यांचे काम करणाऱ्या ग्रामीण डाक सेवकांना त्याचा योग्य मोबदला मिळावा.

हे सर्व होईपर्यंत प्रत्येक शाखेने स्वतःपासून सुरुवात करावी. पुढच्या दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्या सभासदांची यादी करा. त्यांना घेऊन बसा. सर्व्हिस रजिस्टर, आधार, बँक पासबुक आणि नॉमिनेशन ही चार कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवा आणि नाव, जन्मतारीख, बायकोचे नाव अक्षरन् अक्षर ताडून पाहा. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांच्यासाठी शिकलेल्या तरुण साथींनी एक रविवार द्यावा. चूक आज सापडली तर एका अर्जावर भागते. तीच चूक माणूस गेल्यावर सापडली तर त्याच्या विधवेला वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात.

वॅगनला सील लावण्याच्या वेळी माल मोजायला उभे राहण्याचा हक्क ज्याचा माल त्याचा आहे. आपल्या आयुष्यभराच्या नोकरीची वॅगन आता सील होत आहे. त्या वेळी आपण तेथे हजर असले पाहिजे.

कामगार एकजुटीचा विजय असो!